पखाल आणि तिची निगा

विहिरी, तळीं, पाट आणि धरणें यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. राजेरजवाड्यांनीं तीं बांधलीं, त्यांवर शिलालेख कोरविले, आणि पुढें पंडितांनीं ते वाचले. परंतु विहिरीपासून वाटसरूच्या ओठापर्यंत पाणी ज्या भांड्यांतून आलें, त्या भांड्यावर कोणी शिलालेख कोरला नाहीं; आणि तें भांडें रोज आंतून धुतलें कोणीं व वाळविलें कोणीं, हा प्रश्न तर इतिहासाच्या दाराशीं सहसा येतच नाहीं. तो क्षुद्र आहे असें समजून आम्हींही आजवर त्याच्याकडे पाहिलें नव्हतें. एका लहानशा फजितीनें आम्हांस त्याच्याकडे पाहावयास लावलें. म्हणून ती फजिती प्रथम सांगतों.

गेल्या मार्गशीर्षांत विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून आम्ही राजगड चढलों. आमच्या वयाकडे पाहून त्यांनीं आमच्या पाठीवर ‘हायड्रेशन पॅक’ नांवाची एक वस्तु बांधली होती. पाठीशीं बिलगून बसणारी दोन लिटरांची मऊ, पारदर्शक पिशवी; तिच्या बुडाशीं जोडलेली लांब नळी खांद्यावरून तोंडाशीं येते, आणि नळीच्या टोंकाची तोटी दांतांनीं किंचित् दाबून ओढलें कीं पाणी तोंडांत येतें. हात मोकळे आणि चाल अखंड. आम्हीं तिच्यांत पाण्याऐवजीं कोकमाचें सरबत भरलें व संजीवनी माचीपर्यंत मोठ्या ऐटींत गेलों. घरीं आल्यावर उरलेलें सरबत ओतून दिलें, पिशवी एकदां पाण्यानें विसळली आणि खुंटीस अडकविली. आमच्या आत्याबाई जवळच बसल्या होत्या. त्यांनीं ती हातांत घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलें, “अरे, पण ही पालथी कशी घालतोस? हिच्या आंत वारा कुठून जायचा?” “आत्या, ही सुधारलेली वस्तु आहे, हिला तसलें कांहीं लागत नाहीं,” असें म्हणून आम्हीं हसून वेळ मारून नेली. तीन आठवड्यांनीं पिशवी पुन्हां काढली तों नळींत काळ्या ठिपक्यांची रांग उभी, पिशवीच्या कोपऱ्यांत बोटाला बुळबुळीत लागणारा थर, आणि तोंड उघडतांच आंबूस वास! आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. आमचें हसणें मात्र संपलें.

विचार करूं लागलों तेव्हां असें दिसून आलें कीं, आत्याबाईंनीं विचारलेला प्रश्न हाच या भांड्याच्या साऱ्या इतिहासाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. पाणी वाहून नेण्याचें भांडें जसजसें सोयीचें होत गेलें तसतसें तें मिटत गेलें. आणि जसजसें मिटत गेलें तसतसा त्याच्या आंतला मळ धन्याच्या दृष्टीआड झाला. तो मळ काढण्याचें काम एक तर दुसऱ्या कोणावर टाकलें गेलें, नाहीं तर तें कोणींच केलें नाहीं. हें विधान जरा विस्तारानें तपासून पाहूं.

पाठीवरून पाणी नेण्याची पिशवी ही मुळींच नवी कल्पना नव्हे. ऋग्वेदांत चामड्याच्या पिशवीला ‘दृति’ असा शब्द आहे, आणि पर्जन्यसूक्ताच्या कवीनें ओथंबलेल्या मेघाकडे पाहून, पर्जन्यदेव आपली भरलेली दृति सोडून उपडी करीत आहे, अशी कल्पना केली आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांतील दृष्टांत याहूनही सूक्ष्म आहे. एक इंद्रिय जरी मोकाट सुटलें तरी, दृतीच्या एका पायांतून पाणी गळून जावें त्याप्रमाणें मनुष्याची प्रज्ञा गळून जाते, असें तेथें म्हटलें आहे. ‘पायांतून’ या एका शब्दानें ती पिशवी कशी होती हें डोळ्यांसमोर उभें राहतें. जनावराचें कातडें पोटाशीं न चिरतां सबंध सोलून घ्यावयाचें, पाय आवळून बांधावयाचे, आणि मानेचें तोंड करावयाचें. पुढें कित्येक शतकें रचना हीच राहिली. बोकडाच्या कातड्याची, खांद्यावरून नेण्याची ती मसक. आणि रेड्याच्या पाठीवर लादण्याची मोठी ती पखाल. आपल्या भाषेनें या जोडीची एक म्हणच करून ठेविली आहे : दुखणें रेड्याला आणि डाग पखालीला. कापडी छागल तर आपल्या नांवांतच आपला वंश सांगते. राजस्थानांत व मध्य हिंदुस्थानांत जाड कापडाच्या ज्या पिशवींतून प्रवासी थंड पाणी नेत, ती बोकडाच्या कातड्याची नसली तरी ‘छाग’ म्हणजे बोकड हा शब्द तिला चिकटून राहिला आहे.

परंतु या मसकेस इतिहासाच्या पानांत जागा मिळाली ती कशामुळें? इ. स. पूर्वी नवव्या शतकांतील असुर राजा दुसरा असुरनासिरपाल याच्या निमरूद येथील राजवाड्याच्या शिल्पांत फुगविलेल्या कातड्यांवर पोहत नदी ओलांडणारे लोक कोरलेले आहेत. १५३९ सालीं चौसा येथें शेरखानाकडून पराभव पावून हुमायून गंगेंत बुडूं लागला, तेव्हां निजाम नांवाच्या भिस्त्यानें आपल्या फुगविलेल्या मसकेच्या आधारानें त्यास पैलतीरास लावलें. आणि बादशहानें उतराई म्हणून त्यास अल्पकाळ आपल्या तख्तावर बसविलें. ही कथा सर्वांस ठाऊक आहे. त्यांतील विनोद मात्र फारसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. मसक इतिहासांत शिरली ती पाण्यानें भरलेली म्हणून नव्हे, वाऱ्यानें भरलेली म्हणून! तिनें जन्मभर वाहिलेल्या पाण्याची नोंद कोणी केली नाहीं. ‘भिस्ती’ या शब्दाचें मूळ फारसींतील ‘बिहिश्त’ म्हणजे स्वर्ग या शब्दांत आहे. तहानलेल्यास पाणी देणारा तो स्वर्गींचा, इतकें गोड नांव आपण त्यास दिलें. आणि नांव दिल्यावर त्याच्याविषयींचें आपलें कर्तव्य संपलें असें मानलें.

चामड्याची पिशवी निगेस मोठी कठीण. ती ओली ठेवावी तर कुजते, आणि अगदीं कोरडी करावी तर कडक होऊन तडकते. म्हणून ज्या ज्या लोकांनीं ती वापरली त्या त्या लोकांस कमावण्याच्या, तेल-चरबी लावण्याच्या आणि आंतून लेप देण्याच्या नाना युक्त्या काढाव्या लागल्या. स्पेन देशांतील मद्याच्या चामडी पिशव्यांना आंतून राळेचा लेप देण्याची चाल प्रसिद्ध आहे. जुन्या चामडी बुधल्यांत नवा द्राक्षरस घालूं नये, घातल्यास बुधले फुटतात, हा ख्रिस्ती शुभवर्तमानांतील दृष्टांतही याच अनुभवांतून निघालेला आहे. नवा रस फसफसतो आणि ताठरलेल्या चामड्यास तो दाब सोसत नाहीं. तात्पर्य, चामड्याची पिशवी कधींच पुरती वाळत नसे. तिच्या आंत ओल असावयाची, आणि ओल तेथें जीव असावयाचा. हा तिचा दोष तिच्या मालकाचा नव्हे, तिच्या जातीचा होता. मनुस्मृतीनें पांचव्या अध्यायांत चामड्याची शुद्धि वस्त्राप्रमाणें करावी असें सांगितलें आहे. पण वस्त्र दोरीवर पसरतां येतें, मसक कशी पसरणार?

याच्या उलट आपल्या घरांतील धातूच्या भांड्यांची गोष्ट. मनुस्मृतीच्या त्याच अध्यायांत तांबें, लोखंड, कांसें, पितळ, कथील व शिसें यांच्या भांड्यांची शुद्धि क्षार, आम्ल व पाणी यांनीं यथायोग्य करावी असें वचन आहे. हें वचन आमच्या आत्याबाईंनीं वाचलेलें नाहीं. त्यांनीं तें आचरलें आहे. राख हा क्षार, चिंच हें आम्ल, आणि शेवटीं आडाचें पाणी. त्यानंतर घासलेला घडा पालथा घालावयाचा. प्रवासाला निघतांना बरोबर फिरकीचा तांब्या असे, आणि त्याचेंही तोंड असें कीं आंत बाईमाणसाचा हात सहज जावा. आंत हात जाणें, आंत डोळा जाणें आणि आंत वारा जाणें, या तीन गोष्टी ज्या भांड्याला साधल्या तें भांडें स्वच्छ राहिलें. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ असें आपण निष्फळ श्रमाविषयीं म्हणतों. पण घडा पालथा पडतो तो निष्फळ नव्हे. दुसऱ्या दिवशींच्या पाण्याची तयारी तो पालथा पडूनच करीत असतो.

येथें एक अप्रिय गोष्ट बोलणें भाग आहे. आपल्या समाजानें भांड्याच्या शुद्धीचा विचार पुष्कळ केला; परंतु त्या विचारांत मळ आणि विटाळ यांची गल्लत झाली. भांड्याच्या आंत काय आहे यापेक्षां भांड्याला कोण शिवलें याची चौकशी अधिक. चामड्यांतलें पाणी सोवळ्यास चालत नसे. शहरांत नळ आले तेव्हां तोटीच्या आंत चामड्याची चकती असते म्हणून कित्येक घरांनीं तें पाणी नाकारलें; तें पाणी विहिरीच्या पाण्याहून निर्मळ आहे कीं गढूळ, हा प्रश्न त्यांस सुचला नाहीं. या गल्लतीचें सर्वांत दारुण उदाहरण आपल्याच प्रांतांत घडलें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेऊन प्याले. त्यानंतर कांहीं सनातनी मंडळींनीं दहीं, दूध, शेण व गोमूत्र यांनीं भरलेले घडे मंत्रपूर्वक त्या तळ्यांत ओतून तें ‘शुद्ध’ करून घेतलें. पिण्याच्या पाण्यांत शेण कालविलें ही शुद्धि, आणि तहानलेल्या माणसाची ओंजळ ही अशुद्धि! ज्या समाजास हा व्यवहार उघड्या डोळ्यांनीं विपरीत दिसला नाहीं, त्यानें चिंच-राखेचा केवढाही अभिमान बाळगला तरी स्वच्छतेचें मर्म त्याच्या हातून निसटलें होतें असेंच म्हटलें पाहिजे. मळ हा जातीनें ठरत नाहीं. तो पाहून, हुंगून आणि हात घालून ठरतो.

मळाचें खरें स्वरूप समजण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें, आणि तो धडा शिकविला पटकीनें. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानांतील गोऱ्या सैन्याच्या प्रकृतिमानाची चौकशी करण्यास १८५९ सालीं एक आयोग नेमला गेला. १८६३ सालीं त्याचा अहवाल निघाला. त्यांत या सैन्यांतील मृत्यूचें प्रमाण दरसाल हजारीं ६९ असें आढळलें. हे शिपाई बहुतेक तापानें, अतिसारानें आणि पटकीनें मरत होते. तलवारीनें मरणारे त्यांत थोडे. ठिकठिकाणच्या छावण्यांतून आलेलीं टिपणें फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं वाचून काढलीं आणि आपलीं निरीक्षणें लिहिलीं. छावणींत नळ नाहींत, मोऱ्या नाहींत. पाणी उथळ विहिरींतून वा तळ्यांतून काढावयाचें आणि कातड्यांतून बराकींत पोंचवावयाचें, ही व्यवस्था त्यांच्या टीकेचा विषय झाली. तीस वर्षांच्या आंतच किपलिंगनें पलटणीच्या भिस्त्यावर ‘गंगादीन’ ही कविता लिहिली. तिच्यांत गंगादीनाच्या धैर्याचें कौतुक भरपूर आहे. परंतु पलटणीला निर्मळ पाणी मिळावें म्हणून त्याच्या मसकेची तजवीज कोणीं करावयाची, हा प्रश्न कवितेचा नव्हता आणि सरकारनेंही तो बराच काळ आपला मानला नाहीं.

१८८४ सालीं जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कोक यांनीं कलकत्त्यास पटकीच्या रोग्यांत स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतु निश्चित केला, आणि तोच जंतु तेथील एका तळ्याच्या पाण्यांतही दाखविला. त्यांच्या संशोधनांतील एक गोष्ट आमच्या विषयास फार महत्त्वाची आहे. हा जंतु ओल्या, मळलेल्या कपड्यांत आणि दमट मातींत झपाट्यानें वाढतो. पण वाळविला असतां लवकर मरतो, आणि सौम्य आम्लही त्यास सोसत नाहीं. वाळविणें आणि आम्ल! ज्या दोन गोष्टी स्वयंपाकघरांतल्या बायका पिढ्यान् पिढ्या करीत आल्या होत्या, त्यांस प्रयोगशाळेनें दिलेली ही साक्षच होय. मात्र ती साक्ष ऐकावयास राज्यकर्त्यांसही वेळ लागला. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धांत इंग्रज सैन्य मॉडर नदीचें घाण पाणी प्यालें; पुढें ब्लूमफाँटेन येथील जलाशयाचें ठाणें बोअरांनीं मार्च १९०० च्या अखेरीस काबीज केल्यावर दूषित विहिरींवर भागवावें लागलें, आणि विषमज्वरानें कहर केला. त्या युद्धांत शत्रूच्या गोळीनें जितके मेले त्याहून अधिक, म्हणजे १३,००० हून जास्त, ब्रिटिश शिपाई रोगांनीं दगावले. पाणी उकळून पिण्याचे हुकूम होते. पण दिवसभर चाललेला शिपाई हुकूम पीत नाहीं, समोर दिसेल तें पाणी पितो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जाड कापडाच्या मोठ्या पिशवींत पाणी भरून त्यांत क्लोरीनयुक्त चुना मिसळण्याची पद्धत अमेरिकन सैन्यानें घातली. ती पिशवी लायस्टर या लष्करी डॉक्टरच्या नांवानें ओळखली जाते. तोंपर्यंत शिपायाच्या कमरेला अल्युमिनियमची बाटलीही आली होती. धातु आला, तोंड अरुंद झालें, बूच घट्ट बसलें. आणि आंत हात जाण्याची सोय संपली.

आतां आमच्या पिशवीची वंशावळ पुरी करूं. ती पटकीपासूनच निघते हें पाहून आम्हांस स्वतःस विस्मय वाटला. पटकीच्या रोग्याचें रक्त आटतें, त्यांतील पाणी व क्षार नाहींसे होतात, हें ओशॉनसी नांवाच्या तरुण डॉक्टरनें १८३१ सालीं इंग्लंडांत दाखवून दिलें. हाच गृहस्थ पुढें हिंदुस्थानांत आला आणि येथील तारायंत्राचा जनक झाला. त्याच्या निष्कर्षावरून १८३२ सालीं स्कॉटलंडांतील लीथ येथील टॉमस लाटा या डॉक्टरनें रोग्यांच्या शिरेंतून मिठाचें पाणी भरलें आणि मृत्युपंथास लागलेलीं कांहीं माणसें उठून बसलीं. सलाइन देण्याच्या उपचाराचा हा आरंभ. तें सलाइन प्रथम काचेच्या बाटल्यांतून आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांतून मिळूं लागलें. १९८८ सालीं अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत विचिटा फॉल्स या गांवीं भर उन्हाळ्यांत होणाऱ्या शंभर मैलांच्या सायकलशर्यतींत मायकेल आयडसन नांवाचा एक गृहस्थ उतरला. रुग्णवाहिकेवर तातडीचे उपचार करणें हा त्याचा व्यवसाय. वाटेंत पाणी मिळण्याची भ्रांत. म्हणून त्यानें सलाइनच्या पिशवींत पाणी भरलें, ती लांब पायमोज्यांत घालून सदऱ्याच्या पाठीस शिवली, नळी खांद्यावरून पुढें घेतली आणि कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यानें अडकविली. पुढच्याच वर्षीं त्यानें ‘कॅमलबॅक’ या नांवानें तिचा धंदा सुरू केला. हायड्रेशन पॅकचा जन्म हा असा.

या जन्मकथेंत पिशवीचा मूळ दोष दडलेला आहे. सलाइनची पिशवी निर्जंतुक असते आणि ती एकदांच वापरून फेकून द्यावयाची असते. तिच्या आंत हात घालण्याचा प्रसंगच येत नाहीं, म्हणून तिला तोंड नसतें. तीच पिशवी जेव्हां वर्षानुवर्षें वापरण्याची वस्तु झाली, तेव्हां एकदांच्या उपयोगासाठीं केलेली रचना नित्याच्या उपयोगास लागली, आणि तिच्याबरोबर धुण्या-वाळविण्याचा प्रश्न जन्मास आला. अलीकडील पिशव्यांना रुंद तोंड असतें तें याच अनुभवामुळें. चामड्याच्या मानानें तिचें पॉलियुरेथेन पुष्कळच बरें. तें कोरडें झालें म्हणून तडकत नाहीं. मसकेला जें साधत नव्हतें तें, म्हणजे पुरतें वाळणें, हिला साधतें. फक्त कोणी तरी तिला वाळविली पाहिजे!

नुसतें विसळून कां भागत नाहीं, याचें उत्तर फार जुनें नाहीं. १९४३ सालीं झोबेल या अमेरिकन शास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं बाटलींतील समुद्रजलांत जंतु नुसते तरंगत नाहींत. ते बाटलीच्या भिंतीला चिकटून तेथें अधिक जोमानें वाढतात. १९७८ सालीं कॉस्टर्टन व त्यांचे सहकारी यांनीं या चिकटण्याची मीमांसा सर्वसामान्य वाचकांपुढें मांडली. जंतु स्वतःभोंवतीं एक चिकट द्रव्य सोडतात, त्याचा थर बनतो, आणि त्या थराच्या आश्रयानें ते वाहत्या पाण्यास व औषधासही दाद देत नाहींत. आमच्या बोटाला लागलेला बुळबुळीतपणा तो हाच. तो घासल्यावांचून जात नाहीं. आणि कोकमाच्या सरबतांतील साखर म्हणजे त्या वसाहतीस आम्हीं स्वहस्तें पोंचविलेली रसदच होती.

एवढें कळल्यावर निगेची रीत सांगणें कठीण नाहीं. गडावरून आल्या दिवशींच, अंगावरचे कपडे बदलण्यापूर्वीं म्हटलें तरी चालेल, पिशवी रिकामी करावी. पिशवी, नळी आणि तोटी हीं तीन अंगें एकमेकांपासून सोडवावीं. कोमट पाणी व भांड्यांचा सौम्य साबण घेऊन पिशवी आंतून मऊ घासणीनें चोळावी. कोपरे व शिवण यांकडे विशेष लक्ष द्यावें. नळींतून लांब, बारीक कुंचा फिरवावा. तो नसल्यास बळकट दोऱ्याला फडक्याची लहानशी गांठ बांधून ती ओढून घ्यावी. तोटी उघडून तिच्या चिरेंत बोट फिरवावें, कारण आपलें तोंड तेथेंच लागतें. वास येत असल्यास लिटरभर कोमट पाण्यांत दोनएक मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून तें पाणी पिशवींत व नळींत अर्धा तास ठेवावें, मग धुऊन लिंबाच्या पाण्यानें पुन्हां तसेंच करावें. दोन्ही एकदम घालूं नयेत. फेंस पुष्कळ येतो पण क्षार व आम्ल परस्परांस मारून टाकतात. मनुस्मृतीचें ‘यथायोग्य’ येथेंही लागू आहे. कोणी क्लोरीनचें ब्लीच वापरीत असतील तर त्यांनीं त्यांत लिंबू वा दुसरें आम्ल कदापि मिसळूं नये. त्यांतून विषारी वायु सुटतो. शेवटीं स्वच्छ पाण्यानें वास जाईपर्यंत धुवावें.

धुणें हें अर्धें काम. वाळविणें हें उरलेलें अर्धें, आणि बहुतेकांचें चुकतें तें येथेंच. ओल्या पिशवीच्या दोन्ही भिंती एकमेकींस चिकटून बसतात आणि मध्यें पाण्याचा पातळ पापुद्रा दिवसच्या दिवस टिकतो. म्हणून भिंती अलग राहतील असें कांहीं तरी आंत घालून पिशवी तोंड खालीं करून टांगावी. नळी जोरानें गरगर फिरवून थेंब झटकावे आणि ती वेगळी, सरळ लोंबत ठेवावी. जागा वाऱ्याची असावी. कडक उन्हांत दिवसेंदिवस ठेवल्यास प्लास्टिक खराब होतें. कोंकणांतल्या श्रावणांत वाराही ओला असतो, तेथें पंख्याखालीं टांगावी. जे लोक पिशवी शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवतात त्यांची युक्ति वाईट नाहीं, पण थंडीनें जंतु बव्हंशीं निजतात, मरत नाहींत, हें त्यांनीं विसरूं नये. वाळविण्यानेंही बुरशीचीं सर्व बीजें मरतात असें नाहीं. परंतु ओल नसेल तर तीं रुजत नाहींत, आणि आपणांस तेवढें पुरे आहे. सरबत भरण्याचा मोह ज्यास आवरत नाहीं, त्यानें त्यासाठीं रुंद तोंडाची बाटली निराळी न्यावी. हा उपदेश आम्ही स्वतःच्या खर्चानें करीत आहों.

कोणी म्हणेल, दोन लिटरांच्या पिशवीसाठीं एवढा खटाटोप कशाला? आम्ही त्यांस आज्ञापत्राची आठवण देतों. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं दुर्गांचें प्रकरण लिहिलें, तेव्हां गड बांधण्यापूर्वीं उदक पाहावें असें सांगून ते थांबले नाहींत. तळीं-टाकीं एकाहून अधिक असावींत आणि गडाचें पाणी काळजीनें जतन करावें, असेंही त्यांनीं बजाविलें. पाणी मिळविणें ही एक विद्या आणि मिळालेलें पाणी राखणें ही दुसरी, हें त्या मुत्सद्द्यास पुरतें ठाऊक होतें. ज्या गडावर आम्ही ती पिशवी पाठीला लावून मिरवलों, त्याच गडावर खडकांत खोदलेलीं टाकीं आहेत. तीं कोणाच्या आज्ञेनें खोदलीं हें बखरकार सांगतील. त्यांतला गाळ वर्षानुवर्षें उपसला कोणीं, त्यांचीं नांवें मात्र कोणी सांगूं शकणार नाहीं.

या पिशवीनें एक गोष्ट मात्र नवी केली आहे, आणि आमच्या मतें तीच तिची थोरवी. मसक भिस्त्याची होती. पाणी दुसरा पीत असे. घरचा घडा घासला आत्याबाईंनीं. पाणी प्यालें सारें घर. भांडें स्वच्छ करणारा हात आणि पाणी पिणारें तोंड हीं निरनिराळ्या माणसांचीं होतीं, म्हणूनच एकास दुसऱ्याच्या श्रमाची किंमत कळली नाहीं, आणि पाणी बिघडलें तर दुसऱ्यास डाग देण्याची सोय राहिली. या पिशवीचें तसें नाहीं. ती ज्याच्या पाठीवर असते त्याच्याच तोंडाशीं तिची नळी असते. तिचा भिस्ती आणि तिचा बादशहा एकच. येथें दुखणें पखालीचें आणि डागही पखालीलाच. रेड्याकडे बोट दाखवितां येत नाहीं.

मागील पंधरवड्यांत आम्हीं नवी नळी आणून पिशवी सांगितल्या रीतीनें धुतली. भिंती अलग कशानें ठेवाव्या याचा विचार करीत होतों, तों आत्याबाई स्वयंपाकघरांतून ताक घुसळण्याची लहान रवी घेऊन आल्या. धुऊन कोरडी केलेली ती रवी त्यांनीं पिशवीच्या तोंडांतून आंत सरकविली. तिच्या बोंडानें दोन्ही भिंती फांकल्या, आणि पिशवी खिडकींतल्या वाऱ्यांत टांगली गेली. “आतां जाईल वारा,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं आंत हात घालून पाहिला. पिशवी कोरडी होती.